ताण कुणाचा आणि कुणावर?

प्रश्न असा आला आहे: "पेशीविज्ञानावरच्या एका लेखाचे मराठी करताना 'डीएनए प्रतिकृतीच्या तणावामुळे जनुकीय अस्थिरता निर्माण होते' असे वाक्य लिहिले. संपादकांनी 'तणाव'खाली रेघ ओढली, कारण दिले नाही. 'तणाव' चुकीचा आहे का? मग काय लिहावे?"

'तणाव' चुकलाच आहे, पण खरा घोटाळा 'च्या'मध्ये आहे.

आधी तणाव उरकून टाकू. तणाव बहुधा दोघांमध्ये असतो: दोन गटांत, दोन देशांत, नवरा-बायकोत. नाहीतर तो वातावरणात असतो. ताण मात्र कुणावर तरी येतो. डोळ्यांवर येतो, गुडघ्यांवर येतो, तिजोरीवर येतो, यंत्रणेवर येतो. पेशीत जे घडते ते या दुसऱ्या जातीचे आहे, म्हणून ताण. कुणी 'प्रतिबल' सुचवेल, पण तो पदार्थविज्ञानाचा शब्द आहे आणि त्याची ठरलेली व्याख्या आहे: एकक क्षेत्रफळावरचे बल. पेशीतला हा ताण तसा मोजत नाहीत. इंग्रजीत 'स्ट्रेस' या एकाच शब्दावर दोन्ही कामे भागतात, कारण तो शब्द अभियांत्रिकीतून वैद्यकात आला आणि वैद्यकसंशोधक हान्स सेल्ये यांच्या १९३६ नंतरच्या कामामुळे तिथे रुळला. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तर ते वेगळेच राहू द्यावेत.

आता 'च्या'. कामाचा ताण, परीक्षेचा ताण, कर्जाचा ताण. मराठीत ताणाआधी षष्ठी आली की ती सहसा ताणाचे कारण सांगते. त्यामुळे 'प्रतिकृतीचा ताण' वाचून मनात येते की नकला काढून काढून पेशी दमली. वस्तुस्थिती उलटी आहे. इथे नक्कल काढण्याचे कामच रखडलेले असते, ताण त्या कामावर आलेला असतो. 'डोळ्यांचा ताण' असेही आपण म्हणतो, हे मान्य. पण तिथे डोळे ताणाचे कारण नसतात हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून अर्थ निसटत नाही. इथे तशी खात्री नाही.

'प्रतिकृती'बद्दलही माझी कुरकुर आहे. पुतळ्याची प्रतिकृती केली की मूळ पुतळा जागेवर राहतो. डीएनएचे तसे होत नाही. मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दाखवले की दोन्ही नव्या रेणूंत एक पदर जुना आणि एक नवा असतो. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय 'प्रतिकृती' ही वस्तू आहे आणि आपल्याला क्रियेचे नाव हवे. 'प्रतिकृतीकरण' चालेल, पण जिभेला जड. मी 'द्विगुणन' लिहितो. म्हणजे 'द्विगुणनावरचा ताण'.

हा ताण नेमका कुठे येतो ते जवळून पाहिले की बाकीचे शब्दही सुचतात. डीएनएचे दोन पदर उकलतात तिथे इंग्रजी 'वाय'सारखा आकार तयार होतो. त्याला 'काटा' म्हणावे, तर एकाला घड्याळातला काटा आठवतो, दुसऱ्याला बाभळीचा. मराठीत या आकाराला नेमका शब्द आहे, बेचके. माणसाच्या पेशीत अशी हजारो बेचकी मिनिटाला साधारण एक ते दोन हजार अक्षरांच्या (म्हणजे डीएनएच्या न्यूक्लिओटाइड या घटकांच्या) वेगाने सरकत असतात. सहा अब्जांहून अधिक अक्षरांच्या जोड्या सहा-आठ तासांत उरकायच्या असतात.

बेचक्यापुढे पदर उकलणारे विकर (एन्झाइम) चालते आणि मागे नवा पदर विणणारे. वाटेत एखादे अक्षर बिघडलेले असले, समोरून त्याच डीएनएवर प्रतिलेखनाची, म्हणजे डीएनएवरून आरएनए घडवण्याची, यंत्रणा चालून आली, किंवा विणायला न्यूक्लिओटाइडच उरले नाहीत, की मागचे विकर अडते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हीच टंचाई घडवून आणते. पुढचे विकर मात्र काही काळ उकलतच राहते. मग मधे एकेरी पदर उघडा पडतो. द्विगुणनावर ताण आला, तो असा. बेचके 'थांबले' असे मी लिहिणार नाही, कारण थांबणारा आपल्या मर्जीनेही थांबतो. ते 'खोळंबले'. खोळंबलेला पुन्हा निघू शकतो, आणि बहुतेक बेचकी निघतातही.

कारण पेशी हात बांधून बसत नाही. उघड्या पदरावर आरपीए नावाचे प्रथिन पांघरूण घालते. एकेक रेणू साधारण तीस अक्षरे झाकतो. हे पांघरूण पाहून एटीआर हे विकर येते, चेक-१ या दुसऱ्या विकराला उठवते आणि पेशीचे विभाजन रोखून धरते. खोळंबलेल्या बेचक्याशेजारची राखीव आरंभस्थाने, म्हणजे द्विगुणन जिथून सुरू होते त्या जागा, जागी होतात आणि राहिलेले काम दुसऱ्या बाजूने पुरे करतात. ही राखीव स्थाने द्विगुणन सुरू होण्याआधीच नेमलेली असतात, एकदा सुरू झाल्यावर नवी नेमता येत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायची सोयच नाही.

इथे एक मोह टाळायला हवा. ताण म्हटले की दोर ओढल्याचे चित्र येते आणि 'तुटेपर्यंत ताणू नये' हे ओघाने आठवते. पण बेचक्यापाशी कुणी काही ओढत नसते. दर साडेदहा जोड्यांना एक वेढा, म्हणजे बेचके पुढे सरकताना मिनिटाला शंभर-दोनशे वेढे सुटतात आणि पुढच्या डीएनएत तेवढाच पीळ चढतो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज ही वेगळी विकरे आहेत. या यांत्रिक भानगडीला 'पीळ' म्हणावे, 'ताण' म्हणू नये. नाहीतर एकाच परिच्छेदात दोन ताण येतील आणि वाचकाला तिसरा.

ताण लांबला तर काय होते? आरपीएचा साठा संपतो, उघडा पदर उघडाच राहतो आणि बेचके मोडते. कधी पेशीचीच विकरे ते कापतात. दोन्ही पदर तुटलेली टोके मोकळी होतात आणि चुकीच्या टोकांना जोडली जाऊ शकतात. दुसरी शक्यता अशी की काम अर्धवट असतानाच पेशी विभाजनाला लागते. तसे होण्याचा धोका काही जागांना जास्त असतो. तिथे आरंभस्थाने विरळ असतात आणि द्विगुणन शेवटी शेवटी होते. १९८४ मध्ये अॅफिडिकोलिन या रसायनाने डीएनए पॉलिमरेजला, म्हणजे नवा पदर विणणाऱ्या विकराला, थोडेसेच रोखून अशा जागा गुणसूत्रांवर उघड्या पाडल्या गेल्या. तिसऱ्या गुणसूत्रावरची एफआरए३बी ही त्यांतली प्रसिद्ध. यांना 'नाजूक' म्हणू नये, नाजूक वस्तू जपून ठेवली की टिकते. 'ठिसूळ' म्हणावे.

आणि या टप्प्यावर मात्र ताण शब्दशः खरा होतो. न उकललेल्या तुकड्याने दोन गुणसूत्रभगिनी जोडलेल्या राहतात आणि पेशी त्यांना दोन टोकांना ओढते. मधे बारीक पूल ताणला जातो, तुटतो. मागे राहिलेला तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर वेगळ्या छोट्या केंद्रकात अडकतो. तिथे अख्ख्या गुणसूत्राचा भुगा होऊन तुकडे वाटेल तसे सांधले जाऊ शकतात. कर्करोगाच्या पेशींतला हा प्रकार २०११ मध्ये पहिल्यांदा वर्णन झाला.

राहिले 'जनुकीय अस्थिरता'. अस्थिरता ठीक आहे, फक्त तिचा अर्थ 'बदल' असा घेऊ नये. अस्थिर सरकार म्हणजे पडलेले सरकार नव्हे. पेशीत जुने बदल कितीही असोत, पुढच्या पिढ्यांत ते तसेच राहिले तर ती स्थिरच. दर विभाजनाला नव्याने मोडतोड होत राहिली तर अस्थिर. 'जनुकीय' मात्र बदला. माणसाच्या डीएनएत प्रथिनांची कृती सांगणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी आहे आणि मोडतोड उरलेल्या भागातही होते. 'जनुकसंच' म्हटले तरी तीच अडचण. 'जीनोम', म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, हा शब्द आता आपलाच झाला आहे, तो घ्या.

मोकळी झालेली षष्ठी तिच्या खऱ्या कामाला लावता येईल. टंचाईचा ताण. किंवा घाईचा ताण: काही कर्कजनुके (कर्करोगाकडे नेणारी जनुके) पेशीला तयारी पुरी होण्याआधीच द्विगुणनात ढकलतात, आणि कर्करोग होण्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातही या ताणाच्या खुणा सापडतात. तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'डीएनएच्या द्विगुणनावर ताण आला आणि तो वेळेत निवळला नाही, तर पेशीचा जीनोम अस्थिर होतो.' 'निवळला नाही' हे तुमच्या मूळ वाक्यात नव्हते, पण ते काढू नका. थोडाफार ताण तर दर द्विगुणनात येतोच.