दगड झालेला साप?

प्रश्न : दिवाळीत मध्य प्रदेशातली बाघची लेणी पाहून जोबटकडे जाताना एका नाल्यात थांबलो. तिथल्या वाळूच्या दगडात अंगठ्याएवढ्या जाड, मक्याच्या कणसासारख्या खरबरीत नळ्या दिसल्या. काहींना फाटे होते. गावकरी म्हणाले, दगड झालेले साप. मुलगा म्हणतो, झाडाची मुळं. फोटो सोबत आहे. – एक वाचक, धुळे

उत्तर : चिरंजीवांना सांगा, मुळं फाट्यागणिक बारीक होत जातात. फोटोतली नळी फाटा फुटल्यावरही तेवढीच जाड आहे, उलट सांध्यापाशी थोडी फुगलीय. आत राहणाऱ्याला मागे वळायला एवढी जागा लागतेच. हे बीळ आहे, कोळंबीच्या गोतावळ्यातल्या कुणाचं तरी. वय सुमारे नऊ-दहा कोटी वर्षं. गावकऱ्यांनाही हसू नका, याचं शास्त्रीय नाव 'ऑफिओमॉर्फा', म्हणजे ग्रीकमध्ये सर्परूप!

कणसाचे दाणे म्हणजे चिखलाच्या गोळ्या. सैल वाळूत बीळ ढासळतं, म्हणून हा प्राणी गोळ्या करून भिंतीत दाबून बसवतो. बाहेरून खडबडीत, आतून मात्र सारवल्यासारखं गुळगुळीत. घट्ट चिखलात तो हा खटाटोप करत नाही. तसल्या बिनअस्तराच्या बिळांना 'थॅलॅसिनॉइडिस' म्हणतात. प्राणी एकच असला तरी नावं दोन, आमच्या शास्त्राची ही जुनी खोड.

विद्यार्थ्यांना घेऊन मी कोकणातल्या एका खाडीत ओहोटीला बिळांत प्लास्टर ओतायचो. भरतीच्या आत उकरून काढताना गुडघाभर चिखल आणि शिव्या, पण साचा हातात आला की पोरं गप्प व्हायची.

तुमचं बीळ खणलं गेलं तेव्हा नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्र शिरत होता. दख्खनचा लाव्हा त्यावर पसरला तो फार नंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. शिंपला लाटेबरोबर कुठूनही वाहून येतो, बीळ येत नाही. म्हणून ती जागा खाडीची की उघड्या समुद्राची, हे ठरवताना माझा भरवसा बिळावर. खाडीत पाणी कधी खारं, कधी गोडं, ते सोसणारे प्राणी मोजकेच. त्यामुळे खाडीच्या थरांत बिळं खच्चून, पण दोन-चारच तऱ्हांची आणि बहुधा लहान चणीची. त्यांच्या जोडीला वाळू आणि चिखलाचे कागदासारखे पातळ थर आलटून पालटून दिसले, की ती भरती-ओहोटीची खूण.

तुमची नळी कातळात उभी होती की आडवी? फोटोवरून खाली-वर कळत नाही. पुन्हा गेलात तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. हातोडी घरीच ठेवा.