अहवाल पाठवण्याआधी तो आपल्यासाठी वाचा

प्रश्न : मी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. दर महिन्याला लसीकरणाचा तक्ता भरून वर पाठवते. आमच्या केंद्राला त्याचा काय उपयोग?

उत्तर : ताई, पहिला उपयोग तुम्हालाच आहे. पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस ८० बाळांना आणि तिसरा ६० जणांना मिळाला, तर गळती, म्हणजे मध्येच सुटलेल्या बाळांचं प्रमाण, २५ टक्के. १० टक्क्यांपुढची गळती मी कधीच सोडून देत नाही. आया बाळाला घेऊन एकदा आल्या होत्या, म्हणजे केंद्र त्यांच्या आवाक्यात आहे. पुढे काहीतरी अडलं. मग साठ्याची वही उघडा: त्या आठवड्यांत लस संपली होती का? सत्र रद्द झालं होतं का? राहिलेल्या बाळांची नावं वस्तीवार काढा. बहुतेकदा एकदोन वस्त्याच पुढे येतात, आणि तिथे जाऊन आयांना विचारलंच पाहिजे. अडण्याचं कारण तक्त्यात सापडत नाही.

एका महिन्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका, पहिल्या आणि तिसऱ्या डोसची बाळं वेगळी असतात. वर्षारंभापासूनची बेरीज आलेखावर मांडून भिंतीवर लावा. तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त दिसला, तर आधी नोंदवही तपासा.