दर सांगून झाल्यावर गप्प बसता येते का?

वाचकांचे प्रश्न : लग्नाची फोटोग्राफी

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावात गेली सहा वर्षे लग्नाचे फोटो काढतो. हळद आणि लग्न अशा दोन दिवसांचे, अल्बमसह, पंचवीस हजार रुपये घेतो. त्यात अल्बमला सहा हजार, कामातल्या जोडीदाराला दोन दिवसांचे सहा हजार, डिझायनिंगला अडीच हजार आणि येण्या-जाण्याला दीड हजार खर्च होतात. कॅमेरा, दोन लेन्स आणि फ्लॅश मिळून अडीच लाखांचे सामान आहे. वर्षाला पंचवीसेक ऑर्डरी असतात. परंतु गिऱ्हाईक समोर बसले की आकडा सांगताना आवाज उतरतो आणि ते काही बोलायच्या आतच ‘बघू, काहीतरी कमी-जास्त करू’ असे माझ्याच तोंडून निघून जाते. परवा एका गृहस्थांनी ‘आमच्या भाच्याकडेही भारी कॅमेरा आहे’ असे म्हणत तीन हजार कमी करून घेतले. माझ्या कामाला कोणी नावे ठेवत नाही, पण अल्बम हातात पडला की त्या घराशी संबंध संपतो. दर वाढवण्याचा धीर कसा आणावा?
– एक वाचक, कराड

उत्तर : ‘काहीतरी कमी-जास्त करू’ हे वाक्य वाचून मला हसू आले, कारण व्यवसायाच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत तेच माझ्याही जिभेवर बसलेले होते. धीर आणण्याचा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. त्याऐवजी वहीचे एक पान उघडा आणि तुम्हीच कळवलेले आकडे एकाखाली एक मांडा. पंचवीस हजारांतून सोळा हजार बाहेर जातात, उरतात नऊ. अडीच लाखांचे सामान पाच वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला पन्नास हजार आणि दर ऑर्डरीमागे दोन हजारांची झीज होते, म्हणजे तुमच्या हातात पडतात सात हजार. हे सात हजार दोन दिवसांचे आहेत, अशी तुमची समजूत असेल तर ती खोटी आहे. फोटो निवडणे, रंग दुरुस्त करणे, अल्बमची मांडणी दाखवून त्यात फेरफार करणे, पहिली भेट आणि शेवटची उधारी वसूल करण्याची फेरी हे सारे धरले तर एका लग्नाला सात दिवस सहज जातात. म्हणजे दिवसाला हजार रुपये झाले. पंचवीस ऑर्डरींचे वर्षाला पावणेदोन लाख होतात, आणि आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे रिकामे महिनेही त्यातच काढायचे असल्यामुळे महिन्याकाठी साडेचौदा हजारांच्या आसपास उरतात.

आता त्या गृहस्थांकडे पुन्हा बघा. त्यांनी पंचवीस हजारांतले तीन हजार कमी केले असे त्यांना वाटले, तुम्हालाही तसेच वाटले. प्रत्यक्षात ते तुमच्या सात हजारांतून गेले. जोडीदाराने किंवा अल्बम छापणाऱ्याने त्यात एक रुपयाही सोडला नाही.

त्याच पानावर उलटा हिशेब करा. महिन्याला पंचवीस हजार घरात यावेत असे वाटत असेल तर वर्षाचे तीन लाख, म्हणजे ऑर्डरीमागे बारा हजार हवेत. त्यात सोळा हजारांचा खर्च आणि दोन हजारांची झीज मिळवली की तीस हजार होतात. तुमचा दर तीस हजार आहे. पुण्या-मुंबईचा फोटोग्राफर लाख घेतो की दोन लाख, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ऐकीव आकडा सांगताना माणूस चाचरतो, कारण त्याचे समर्थन त्याच्यापाशी नसते. स्वतः मांडलेल्या बेरजेचे तसे होत नाही. तीस हजार म्हणा, त्यात काय-काय येते ते सांगा आणि समोरच्या चहाच्या कपाकडे बघत गप्प बसा. ती शांतता फार जड वाटते, पण ती भरून काढण्याची जबाबदारी तुमची नाही. समोरची माणसे बहुतेक वेळा एकमेकांशी बोलून घेण्यासाठीच थांबलेली असतात.

घासाघीस होणारच, आपल्याकडे भाजीवालीपासून मंगल कार्यालयापर्यंत ती होते आणि तिच्यात अपमान काही नाही. मात्र रक्कम कमी करायची असेल तर कामही तेवढे कमी करा : अल्बमची पाने कमी करा, हळदीला जोडीदार आणू नका, नाहीतर प्री-वेडिंग वगळा. तेच काम स्वस्तात दिले तर महिनाभरात ती बातमी भावकीत फिरते आणि ज्यांनी पूर्ण पैसे मोजले ते दुखावतात, हा तोटा तीन हजारांहून मोठा आहे.

आणि त्या भाच्याच्या कॅमेऱ्याला नावे ठेवू नका. कदाचित तो तुमच्यापेक्षा महागाचा असेल. पण भाच्याला लग्नात अक्षता टाकायच्या असतात, पंगतीत आग्रह करायचा असतो, आणि ‘शुभमंगल सावधान’च्या शेवटच्या उच्चाराला तो मागच्या रांगेतून हात उंचावून उभा असतो. अंतरपाट दूर होतो तेव्हा वधू-वरांची पहिली नजरानजर क्षणात होऊन जाते. त्याच वेळी वाजंत्री सुरू होते, अक्षता लेन्सच्या पुढ्यात पडतात आणि ऑटोफोकस चेहरा सोडून तांदळाचे दाणे पकडतो. तो क्षण हाती लागावा म्हणून मी अर्धा तास आधी गुरुजींना नमस्कार करून एवढेच विचारतो, ‘गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार?’ हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारलेला नसतो. ते खूश होतात, बाजू सांगतात आणि पुढे होमाच्या वेळी धूर आला की स्वतःच मला हाताने जागा दाखवतात.

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, म्हणजे संबंध संपण्याचा, मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो मी एका चुकीतून शिकलो. बरीच वर्षे झाली. अल्बम देऊन आठवडा झाला असेल, नवरीच्या आईचा फोन आला. ‘सगळे छान आहे हो, पण माझा भाऊ कुठे आहे?’ मी सगळे फोटो पुन्हा चाळले. मामा मंगलाष्टके होईपर्यंत भाचीच्या मागे उभे होते, पण प्रत्येक फोटोत मांडवाच्या लोंबत्या फुलांनी नाहीतर मुंडावळ्यांनी त्यांचा चेहरा झाकलेला होता. एका ठिकाणी फक्त फेटा दिसत होता. नवरीचे वडील लवकर गेले होते आणि तिचे शिक्षण याच मामांनी केले होते, हे मला त्या फोनवर कळले. कोणी पैसे परत मागितले नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

तेव्हापासून लग्नाच्या आदल्या दिवशी, सीमांतपूजनाच्या गडबडीआधी, मी त्या घरात वीस मिनिटे बसतो आणि दोन्ही बाजूंकडून पाच-पाच नावे मागून घेतो : ज्यांचा फोटो राहिला तर घरात रुखरुख लागेल अशी माणसे. त्यात कधी आजारी आत्या असते, कधी गावाकडचा सालगडी असतो. घरातल्या कर्त्या बाईला विचारा. पुरुषांना ही यादी सांगता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक घरांत सत्यनारायण असतो आणि पाहुणे अजून पांगलेले नसतात. त्या सकाळी वीस निवडक फोटो, त्यात ही पाच-पाच माणसे धरून, घरी पाठवा. प्रसादाच्या द्रोणाबरोबर मोबाइल हातोहात फिरतो आणि पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी कार्य आहे ते तिथेच तुमचा नंबर घेतात. मला मिळालेल्या ऑर्डरींपैकी फार थोड्या जाहिरातीतून आल्या आहेत.

शेवटचे म्हणजे हार्ड डिस्क. पाच-सहा वर्षांनी फोन येतो आणि खालच्या आवाजात कोणीतरी विचारते, ‘त्या लग्नातला आजोबांचा एखादा फोटो मिळेल का?’ भिंतीवर हार घालून लावायचा फोटो कितीतरी घरांत लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून काढलेला असतो. प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि अशा फोटोचे पैसे घेऊ नका. ते घर तुम्हाला विसरणार नाही.

प्रश्न : एका लग्नातला नवरीचा फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकला. तिच्या सासरच्यांनी तो तिथून काढून टाकायला सांगितला. फोटो मी काढला, मग तो माझाच नाही का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सहसा नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंच्या प्रताधिकाराचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. त्यामुळे इसार घेताना ज्या कागदावर तारीख, मुहूर्त, पाने आणि फोटो देण्याची मुदत लिहिता, त्याच कागदावर ‘निवडक फोटो आमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्यास संमती’ अशी ओळ घाला आणि वधू-वर दोघांची सही घ्या. सही असूनही कोणी फोटो काढून टाकायला सांगितला तर त्याच दिवशी काढून टाका. कारण विचारू नये. लग्नानंतर घरांत काय-काय घडते ते आपल्याला ठाऊक नसते.

प्रश्न : मी नाशिकला लग्नाचे फोटो काढते. पहिल्या भेटीत हमखास विचारतात, ‘मॅडम, सोबत कोणी सर नाहीत का?’ प्रत्येक वेळी मी स्वतःची बाजू मांडत बसते आणि घरी येईपर्यंत खचून जाते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या प्रश्नाला दोन वाक्यांपेक्षा मोठे उत्तर देऊ नका. ‘कॅमेरा मीच हाताळते. सामान उचलायला आणि दिवे लावायला माझा मदतनीस असतो.’ एवढे सांगून लगेच अल्बम उघडा, आणि पहिल्या पानावर मांडवातला भव्य फोटो न ठेवता नवरीच्या खोलीतला ठेवा. चुडा भरताना, नऊवारीचा काष्टा घालून देणाऱ्या मावशीच्या तोंडात पिना असताना, आई दाराआड डोळे पुसत असताना जे घडते ते पुरुष फोटोग्राफरला दाराबाहेरून दिसत नाही. ही गोष्ट आजची नाही. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तेव्हा तो चालवायला त्यांना बाईच नेमावी लागली होती. त्या खोलीत तुम्हाला सहज प्रवेश आहे, आणि त्याचा वेगळा दर लावण्यात काहीही गैर नाही.

एक काळजी मात्र घ्या. तिथले फोटो वेगळ्या कार्डावर काढा, आधी फक्त नवरीला दाखवा, आणि तिने निवडलेलेच घरच्या ग्रुपवर जाऊ द्या. तुम्ही हे असेच करणार आहात, हे पहिल्या भेटीत तिच्या आईच्या कानावर घाला. त्यानंतर ‘सर कुठे आहेत’ हा प्रश्न आईच मिटवून टाकील.