मॉरोविंड, गॉथिक असे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ओपन वर्ल्ड, म्हणजे हवं तिथे मोकळं फिरता येणारे, गेम आज पहिल्यांदा खेळायला घेतले तर जमतील का?

तुम्ही लिहिलंय की मॉरोविंडच्याच मालिकेतला नंतरचा गेम स्कायरिम दोनदा पूर्ण झालाय, सेलमध्ये मॉरोविंड घेतला, पण पहिल्याच तासात एका खेकड्यावर दहा वार केले आणि एकही लागला नाही म्हणून बंद केला. आता तो परत उघडावा का, आणि इतर जुन्या गेमच्या वाटेला जावं का?

उघडा. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. मॉरोविंड कॉलेजात असताना खेळलो होतो आणि गेल्या पावसाळ्यात ऐरोलीच्या भाचीला शेजारी बसवून पहिल्यापासून पुन्हा खेळलो. तिचेही वार हुकत होते, त्यामुळे आधी त्या खेकड्याचंच सांगतो.

२००२च्या या गेममध्ये तलवार अंगाला लागलेली दिसली तरी वार लागला की नाही हे आत फासे टाकून ठरतं. सुरुवातीच्या कचेरीत टेबलावर लोखंडी खंजीर पडलेला असतो, तो सगळेच उचलतात. पण पात्र तयार करताना तुम्ही छोट्या पात्याच्या हत्यारांचं कौशल्य निवडलं नसेल तर ते बहुधा शंभरातलं फक्त ५ असतं. त्यात तुम्ही धावत धावत खेकड्यापर्यंत गेलात, म्हणजे ती हिरवी पट्टी, दमाची, रिकामी झाली. दम संपला की आधीच कमी असलेली शक्यता आणखी खाली येते. आकडेमोड केली तर ताज्या दमाने पाचातला जेमतेम एक वार लागतो, दमलेल्या अवस्थेत आठातला एक. तेच मुख्य कौशल्यातलं हत्यार, म्हणजे ३०चं, हातात घेतलं आणि चालत गेलात तर निम्म्याच्या आसपास वार लागतात. दमावर मंत्र साधणं आणि दुकानातली घासाघीसही अवलंबून असते. हे गेमने नीट सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ही त्याची चूकच. पण एकदा कळलं की दोन-तीन तासांत सवय होते.

माझ्यासाठी या गेमचा जीव आहे तो रस्ते सांगण्यात. नकाशावर बाण नाही, डोक्यावर तरंगणारी खूण नाही. माणूस तोंडाने पत्ता सांगतो, तो डायरीत उतरतो आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. बाल्मोरा या गावात हॅस्फॅट अँटाबोलिस नावाचा एक जण तुम्हाला आर्क्नथांड नावाच्या, ड्वेमर या लुप्त जमातीच्या अवशेषांतून एक चौकोनी पेटी आणायला पाठवतो. गाव सोडायचं, नदी ओलांडायची, फोयाडा मामाया नावाची राखेची घळ गाठायची, ड्वेमरांचा जुना पूल शोधायचा. भाचीचा पहिला प्रश्न होता, "मामा, बाण कुठाय?" मी तिला एक शंभरपानी वही दिली.

तिला पूल सापडला, पण दार सापडेना. त्या अवशेषांचं दार बंद असतं आणि ते उघडायची कळ शेजारच्या पाइपवर असते. कळीसमोरून ती तीनदा गेली. चौथ्यांदा थांबली, पाइपकडे बघत राहिली आणि कळ फिरवली. दगडी घुमट सरकला तेव्हा ती काही बोलली नाही, वहीत फक्त "पाइपवर कळ!!" असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आत एका फडताळात ठेवलेली ती लहानशी पेटी शोधायला आणखी पाऊण तास गेला. जेवायला बोलावलं तरी उठेना.

ठाण्यातल्या जुन्या भागात अजून असेच पत्ते सांगतात. स्टेशनवरून जांभळी नाक्याच्या दिशेने चालत ये, कोपिनेश्वराचं देऊळ मागे पडलं तर फार पुढे आलास, परत फिर. इमारतीचं नाव विचारलं तर सांगणाराच गोंधळतो. भाची सेक्टर नंबरांच्या नवी मुंबईत वाढलेली, तिला ही पद्धत परकी होती. पण अशा पत्त्याने गेलेली वाट पायांना कायमची लक्षात राहते. बाल्मोराचा पूल मला आजही डोळे मिटून दिसतो. स्कायरिममध्ये शंभर गुहा पालथ्या घातल्या, त्यातल्या किती कुठे होत्या ते सांगता येणार नाही, कारण मी बाणाकडे बघत चाललो होतो.

प्रवासाचंही तसंच. मनात आलं की कुठेही पोचलो असं नाही. सिल्ट स्ट्रायडर नावाच्या महाकाय किड्याच्या पाठीवर बसायचं, पुढे होडी धरायची, नाहीतर मांत्रिकांच्या संघाकडून एका शहरातून दुसऱ्यात जायचं. कुठून कुठे थेट जाता येतं आणि कुठे बदलावं लागतं हे पाठ होतं, जसं कळव्याच्या माणसाला पाठ असतं की ऐरोलीला जायचं तर आधी ठाण्याला येऊन ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची.

काही ठिकाणी मात्र सांगितलेली दिशाच चुकीची आहे. अर्धा तास शोधूनही जागा मिळाली नाही तर खुशाल गाइड बघा, त्यात कमीपणा नाही. पातळी वाढताना कोणत्या गुणाला किती गुणक मिळतो याचा हिशेबही मांडत बसू नका, तो नाद लागला की खेळ राहतो बाजूला.

नव्या कॉम्प्युटरवर मॉरोविंड चालवायला ओपनएमडब्ल्यू हे इंजिन वापरा. ते फुकट आहे, विकत घेतलेल्या मूळ गेमच्या फाइली त्याला लागतात. त्यात लांबवरचं दिसण्याची सोय आहे, ती पहिल्या खेपेला बंदच ठेवा. हे बेट आजच्या मानाने लहान आहे. संथ चाल, वळणावळणाच्या घळी आणि दाट धुकं यांमुळे ते अफाट वाटतं. धुकं काढलं की मोठी शहरं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते दिसतं आणि मन खट्टू होतं.

यानंतर गॉथिक घ्या, २००१चा, जर्मन कंपनीचा. बटणं फार विचित्र आहेत, साधी वस्तू उचलायलाही दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात. तरी सोडू नका. सुरुवातीला तुमचा माणूस एका हाताची तलवार दोन्ही हातांनी धरतो, लाकूड फोडायला निघाल्यासारखी. गुरूकडे शिकलात की पकड बदलते, पवित्रा बदलतो. आकडा वाढल्याचं कोणी सांगावं लागत नाही, ते त्याच्या उभं राहण्यात दिसतं. भांडणात हरलात तर माणसं बहुतेक वेळा जीव घेत नाहीत, तुमचं धातूचं चलन काढून घेतात आणि आपल्या कामाला लागतात. हा गेम घडतो त्या कैद्यांच्या वसाहतीत तुमची पायरी काय आहे हे तिथेच कळतं.

मॉरोविंडच्याच मालिकेतल्या २००६च्या ऑब्लिव्हियनबद्दल माझं मत कडक आहे. त्यात तुम्ही वाढलात की सगळं जगच तुमच्याबरोबर वाढतं. पुढे पुढे रस्त्यावरचा लुटारू काचेचं मौल्यवान चिलखत घालून उभा असतो आणि तुमच्याकडे मागतो १०० नाणी. ते चिलखत विकलं तर त्याला दरोडे घालावे लागणार नाहीत! मॉरोविंडमध्ये ज्या थडग्यातून जीव मुठीत धरून पळालात तिथे महिन्याभराने परत जाऊन हिशेब चुकता करता येतो. इथे ते समाधान उरत नाही. त्यातले खुनी संघाचे प्रसंग मात्र सुरेख आहेत, तेवढ्यासाठी जरूर खेळा.

त्याच मालिकेतला १९९६चा डॅगरफॉल शेवटी ठेवा. नकाशा जवळपास ग्रेट ब्रिटनएवढा, पण बराचसा यंत्राने रचलेला, आणि भुयारं अशी की वाट सापडता सापडत नाही. डॅगरफॉल युनिटी या त्याच्या नव्या रूपात भुयारं लहान करायचा पर्याय आहे, तो आधी चालू करा.

आज रात्री मॉरोविंड पुन्हा उघडलात तर नवीन पात्र करा, एकच हत्यार मुख्य कौशल्यात घ्या आणि सेयडा नीन या सुरुवातीच्या गावातून किड्यावर न बसता बाल्मोराच्या वाटेला पायी निघा. गाव मागे पडलं की थोड्याच वेळात वरून कोणाचा तरी आरडाओरडा ऐकू येईल. थांबा आणि आभाळाकडे बघा. त्या माणसाजवळ मंत्राच्या तीन गुंडाळ्या आणि एक वही सापडेल. वही आधी वाचा आणि गुंडाळी उघडण्यापूर्वी सेव्ह करा.