स्टंटबाजीमुळे रॅली ड्रायव्हिंग हा खेळ लोकप्रिय होतो का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या ऑटो क्लबतर्फे मैदानावर ड्रिफ्ट शो ठेवला, गाड्या गरगर फिरवल्या, धूर काढला, तर मुलं रॅलीकडे, म्हणजे रस्त्यावर घड्याळाशी झुंजत गाडी चालवायच्या खेळाकडे, वळतील का, की नुसतेच टायर जळतील.

गर्दी जमेल, त्याबद्दल शंकाच नको. पण जमलेल्यांपैकी कोणी रॅलीकडे वळेल का, हे शोवर ठरत नाही. शो संपल्यावर त्याला जायला जवळपास काही ठेवलंय का, यावर ते ठरतं. मी रॅलीत मार्शल म्हणून, म्हणजे रस्ता आणि गर्दी सांभाळायला, उभा राहतो, गाडी चालवत नाही. त्यामुळे पुढचं सगळं रस्त्याच्या कडेवरून बघितलेलं आहे असं समजा.

प्रसिद्धीच्या नावाने नाकं मुरडणारे जुने रॅलीवाले भेटले की मला गंमत वाटते. हा खेळ जन्मला तोच मुळी जाहिरातीपोटी. भर हिवाळ्यात मोनॅकोला पैसेवाले पाहुणे यावेत म्हणून १९११ साली माँटे कार्लो रॅली काढली गेली. पहिल्या वर्षी गाड्या होत्या २३, आणि गुण देताना वेळेबरोबर गाडीचा डौल आणि पोचल्यावरची अवस्थाही बघितली. त्यावरून भांडणं झाली ती वेगळीच. केनियातली सफारी रॅली १९५३ मध्ये सुरू झाली ती राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं निमित्त साधून.

१९६८ ची लंडन–सिडनी मॅरेथॉन तर उघडउघड वर्तमानपत्री खेळी होती. आदल्या वर्षी पौंडाचं अवमूल्यन झालेलं, ब्रिटनमध्ये मरगळ पसरलेली. अशा वेळी डेली एक्सप्रेसच्या मालकांनी दहा हजार पौंडांचं बक्षीस लावलं. ९८ गाड्या लंडनहून निघाल्या, त्यातल्या ७२ मुंबईला पोचल्या आणि इथून बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. अगदी शेवटच्या दिवशी, आघाडीवर असलेली लुसियां बियांकीची सिट्रोएन समोरून आलेल्या मिनीवर आदळली आणि अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर जिंकली. पुढे १९७० ची लंडन–मेक्सिको रॅली निघाली ती याच यशावर. पण यातली प्रसिद्धी आणि रॅली वेगळी काढता येत नाही. बघणाऱ्याला जे दिसलं तोच खेळ होता.

हल्लीचा स्टंट खेळापासून सुटा झालाय, आणि माझी कुरकुर तिथे आहे.

केन ब्लॉक हे नाव तुमच्या क्लबात सगळ्यांना माहीत असणार. डीसी शूजच्या संस्थापकांपैकी एक. २००५ मध्ये तो अमेरिकेतल्या रॅलीत उतरला आणि २००८ मध्ये सुबारू घेऊन त्याने जिमखाना या गाडीच्या कसरतींच्या मालिकेतला पहिला व्हिडिओ काढला. बूट विकायला काढलेली ती जाहिरात होती, हे लक्षात असू द्या. पाचवा व्हिडिओ २०१२ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा. यूट्यूबवर तो दहा कोटींहून जास्त वेळा पाहिला गेलाय. आता याच माणसाची जागतिक रॅली मालिकेतली सर्वोत्तम कामगिरी कोणती? २०१३ च्या मेक्सिको रॅलीत सातवा नंबर. पंचेचाळिशीतल्या माणसाला हे काही थोडंथोडकं नाही. पण त्याच काळात फ्रेंच चालक सेबास्तियन लोब २००४ ते २०१२ अशी ओळीने नऊ जगज्जेतेपदं खिशात घालत होता, आणि तुमच्या वर्गात लोबचं नाव किती जणांना ठाऊक आहे ते विचारून बघा.

लोब बघायला कंटाळवाणा वाटतो, ही त्याची खरी अडचण. डांबरी रस्त्यावर गाडी जितकी आडवी जाईल तितका वेळ वाया जातो. मातीवर थोडं घसरणं उपयोगी पडतं, पण तेही मोजून मापून. म्हणजे शोमध्ये ज्याला टाळ्या पडतात, बऱ्याचदा तेच स्टेजवर, म्हणजे वाहतूक बंद करून वेळ मोजतात त्या रस्त्याच्या तुकड्यावर, नुकसान असतं. शिवाय त्या व्हिडिओंमध्ये शेजारची सीट सहसा रिकामी असते. प्रत्यक्षात रॅलीचा अर्धा जीव त्या सीटवर बसलेला असतो. स्पर्धेआधी रेकी करून, म्हणजे रस्ता पाहून, लिहिलेल्या पेस नोट्स हा सहचालक वाचतो: पुढचं वळण किती तीव्र आहे, चढाच्या पलीकडे काय आहे, आतून कापायचं की नाही. चालक जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवून गाडी सोडतो. हा विश्वास कुठल्याच ड्रिफ्ट शोमध्ये दाखवता येत नाही.

ब्लॉकच्या व्हिडिओंना एवढे प्रेक्षक मिळूनही १९८८ च्या ऑलिंपस रॅलीनंतर अमेरिकेत जागतिक मालिकेची एकही फेरी झालेली नाही. त्याचं खापर मी ब्लॉकवर फोडणार नाही. तो स्वतः शेवटपर्यंत तिथल्या देशी रॅल्या चालवत राहिला. २ जानेवारी २०२३ ला स्नोमोबाइलच्या अपघातात तो गेला, आणि त्याच वर्षी त्याच्या मुलीने, लियाने, अमेरिकेतली टू-व्हील-ड्राइव्ह गटाची राष्ट्रीय रॅली मालिका जिंकली. व्हिडिओ बघून आलेल्या पोरांना खरी रॅली बघायची असली तर ती होती. आपल्या बहुतेक शोच्या मागे असं काहीच नसतं.

उलट उदाहरण २००६ च्या एक्स गेम्सचं, म्हणजे अमेरिकेतल्या साहसी खेळांच्या स्पर्धेचं. तिथे रॅलीची शेवटची लढत स्टेडियममध्ये संपत होती. माजी जगज्जेता कॉलिन मॅक्रे याची सुबारू इम्प्रेझा उडीनंतर उलटली, पलटी खाऊन परत चाकांवर उभी राहिली, आणि तो थांबलाच नाही. अमेरिकेच्या ट्रॅव्हिस पास्ट्रानाने सुवर्णपदक नेलं, मॅक्रे थोडक्यात दुसरा. हा ठरवून केलेला प्रकार नव्हता, तरी रॅलीची इतकी चांगली जाहिरात क्वचितच झाली असेल. लोकांनी उलटलेली गाडी बघितली, आणि घड्याळ चालूच आहे हेही बघितलं. घड्याळ काढून घेतलं की उरते ती नुसती उलटलेली गाडी. स्वीडनमधल्या कॉलिन्स क्रेस्टवर हेच साधलं होतं. मॅक्रेच्या नावाने ओळखला जाणारा तो उंचवटा स्टेजमध्येच होता, आणि सगळ्यात लांब उडी मारणाऱ्याला वेगळं बक्षीस. २०१६ मध्ये एइविंद ब्रिनिल्डसनने ४५ मीटर मारली. उडीने वेळ वाचत नाही, ज्याला हौस आहे त्याने मारावी. स्टंट ठेवायचाच तर असा ठेवावा.

आता गर्दीबद्दल, कारण मार्शल म्हणून मला झोप लागत नाही ती यामुळे. क्रिकेटला प्रेक्षक दुप्पट आले तर तिकिटं दुप्पट खपतात. रॅलीचं तसं नाही. वीस किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, कुंपण नाही, गेट नाही. माणसं दुप्पट झाली की धोका दुपटीहून जास्त वाढतो. ऐंशीच्या दशकात ग्रुप बी या गटातल्या अतिशय ताकदवान गाड्यांनी युरोप वेडा केला होता. पोर्तुगालमध्ये लोक रस्त्यावर उभे राहून, गाडी अंगावर येताना ऐन वेळी बाजूला होत. १९८६ मध्ये तिथेच फोर्ड आरएस२०० गर्दीत घुसली आणि तीन जण गेले. दोनच महिन्यांनी कोर्सिकातल्या रॅलीत फिनलंडचा चालक हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो गेले, आणि त्या गाड्यांवर बंदी आली. प्रसिद्धी कमी पडली असं तिथे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे गौरव गिल हा आशिया-पॅसिफिक विजेतेपद तीनदा मिळवलेला चालक. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिलाच. त्याच वर्षी राजस्थानात राष्ट्रीय रॅलीची स्टेज चालू असताना रस्त्यावर मोटरसायकल आली, त्याच्या गाडीशी टक्कर झाली आणि एका कुटुंबातले तिघे दगावले. पुरस्कारापेक्षा ती बातमी जास्त लोकांनी वाचली असणार. तेव्हा प्रसिद्धी करायचीच असेल तर पहिली जिथून स्टेज जाते त्या गावात करा. ग्रामपंचायतीत जा, शाळेत जा, किती वाजता रस्ता बंद होणार, कुठे उभं राहायचं, कुठे नाही, हे सांगा. याचा रील व्हायरल होणार नाही, हे मान्य आहे.

आणि भर रस्त्यावर सायलेन्सर फोडत फिरणाऱ्या टोळक्याला तुमच्या पोस्टरवर जागा देऊ नका. रॅलीत एका स्टेजवरून दुसरीकडे जाताना गाड्या साध्या वाहतुकीतून, वेगमर्यादा पाळत जातात. टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठाण्यावर, उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलं तरी दंडच. हा शिस्तीचा खेळ आहे हे पहिल्याच दिवशी कळलं नाही, तर पुढे सांगून पटत नाही.

तुमच्या क्लबाला मी सांगेन की ड्रिफ्ट शो खुशाल ठेवा, पण लागलीच पुढच्या रविवारी छोटी टीएसडी ठेवा, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब जुळवायची रॅली. घरातली अल्टो चालते, रोल केज, म्हणजे उलटली तर वाचवणारा लोखंडी सांगाडा, लागत नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग, वाट दाखवणारा खुणांचा टुलिप चार्ट, वाटेत लपवलेले टाइम कंट्रोल आणि शेजारी बसून आकडेमोड करणारा नेव्हिगेटर. मुंबईत बायकांसाठी होणारी रॅली टू द व्हॅली याच जातीची आहे. तिथे बायका गाड्या सजवतात, सामाजिक संदेश लावतात, वेशभूषा करतात. वरवर बघणाऱ्याला वाटेल शोभायात्रा निघालीय, पण आत सेकंदासेकंदाचा हिशेब चाललेला असतो. स्टंट आणि खेळ एकाच गाडीत बसवलेलं आपल्याकडचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

शोच्या दिवशी मैदानाच्या फाटकाशी एक टेबल टाका आणि टीएसडीचे फॉर्म तिथेच भरून घ्या, दोघांच्या जोडीने. एकटा आलेल्याला तिथल्या तिथे जोडीदार शोधून द्या. नेव्हिगेटर मिळाला नाही म्हणून परत गेलेली बरीच पोरं मी बघितली आहेत. शुल्क पेट्रोलपेक्षा जास्त ठेवू नका. आणि दोन-तीन हौशी मुलांना मार्शलचं काम शिकवायला माझ्याकडे पाठवा, आम्हाला माणसं कायम कमी पडतात.