पणजोबांची तारीख आणि पितृपंधरवड्यातली पंचमी

प्रश्न : आमच्या पणजोबांची जन्मनोंद एका जुन्या पोथीच्या मागच्या पानावर सापडली, माघ शुद्ध सप्तमी शके 1818, ठाणे. मृत्यूचं फक्त 'शके 1840, मु. कळवा' एवढंच लिहिलंय. पितृपंधरवड्यात त्यांचं पान पंचमीला ठेवतात, म्हणून मी जन्म 1896 आणि मृत्यू भाद्रपद वद्य पंचमी 1918 असं धरलं. पण आत्या म्हणते ते दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी मानमोडीच्या साथीत गेले. शिवाय घर मांडवीत, पणजोबांच्या आईचं माहेरही मुंबईतच, मग जन्म ठाण्यात कसा?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी जन्माचं बघू. शक वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्यामुळे 78 मिळवायचे ते डिसेंबरपर्यंतच, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79 मिळवायचे. माघ म्हणजे वर्ष संपत आलेलं, म्हणून 1818 अधिक 79, म्हणजे 1897. माघ शुद्ध सप्तमी ही रथसप्तमी, ती त्या साली 8 फेब्रुवारीच्या आसपास येते.

आता ही तारीख कुठे पडते बघा. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मांडवीतच, आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली, जो तो गाठोडं घेऊन मिळेल त्या गाडीने बाहेर. साथरोगाचा कायदा 4 फेब्रुवारी 1897 चा, म्हणजे तुमचे पणजोबा कायद्यानंतर चारेक दिवसांनी जन्मले! घरं तपासणं, सामान जाळणं, माणसं उचलून कॅम्पात नेणं चालू असताना दिवस भरलेल्या बाईला कोण मांडवीत ठेवेल? ठाण्याला रेल्वे 1853 पासून होतीच. पुरावा नाही हा, पण मला तरी दुसरं कारण सुचत नाही.

मृत्यूच्या बाबतीत मात्र तुमचा घोळ झालाय, आणि तो खूप जणांचा होतो. पितृपंधरवड्यातलं पान तिथीवरून ठेवतात, महिन्यावरून नाही. माणूस कुठल्याही महिन्यात, शुद्ध किंवा वद्य, कुठल्याही पंचमीला गेला तरी महालय भाद्रपद वद्य पंचमीलाच. तेव्हा भाद्रपद सोडा आणि आत्याला धरा. 1918 चं लक्ष्मीपूजन 3 नोव्हेंबरला होतं, त्याआधीची अश्विन वद्य पंचमी साधारण 24 ऑक्टोबर, म्हणजे बरोबर दहा दिवस! शुद्ध पंचमी घेतली तर जवळजवळ महिना मागे जावं लागतं, ते आत्याच्या बोलण्याशी जुळत नाही.

मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून शिरला, तेव्हा सौम्य होता, पण सप्टेंबर-ऑक्टोबरला परत आला तो माणसं घेऊनच गेला. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, धान्य महाग. देशभरात एक ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे, आणि म्हातारेकोतारे नाहीत तर वीस ते चाळीसचे धडधाकट लोक जास्त. तुमचे पणजोबा एकवीस वर्षांचे होते. (माझी आजी 'मानमोडी' शब्द काढला की आवाज बारीक करायची, ती त्यानंतर जन्मलेली असून.)

पक्की तारीख हवी असेल तर कळवा तेव्हा गाव होतं, म्हणजे गाव नमुना 14, गावची जन्ममृत्यूची नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते ठाणे तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. नोंद मोडी लिपीत असेल, वाचणारा सोबत न्या, आणि 24 ऑक्टोबरचं एकच पान मागू नका, सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळं बघा, कारण अशा साथीत नोंदी उशिरा चढलेल्या असतात. पण तहसीलचं नंतर. आधी आत्याकडे जा आणि वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात घालायचे तेवढं विचारून घ्या, कारण ते मृत्यूच्याच महिन्यात घालतात.