डॉट दिला तरी सजेशन येत नाही, मग एक्सेलच्या मेथड बघायच्या कुठे?

प्रश्न: मी नाशिकला राहते, पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये हिशोब बघते. सीझनला रोज ढीगभर पॅकिंग लिस्ट एक्सेलमधून पीडीएफ कराव्या लागतात म्हणून पायथन शिकले. विन३२कॉम, म्हणजे पायथनमधून विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची लायब्ररी, तिच्या डिस्पॅच फंक्शनने एक्सेल उघडतं, सेलमध्ये आकडेही जातात, पण पुढची मेथड, म्हणजे एक्सेलला द्यायची आज्ञा, कोणती तेच समजत नाही, एडिटरमध्ये डॉट दिला की एकही सजेशन येत नाही. ही यादी असते तरी कुठे?
- एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाहीये. ती यादी पायथनकडे नसतेच, ती एक्सेलच्या टाइप लायब्ररीत, म्हणजे त्याच्या सगळ्या मेथडची नोंद असलेल्या फाइलमध्ये, असते. साध्या डिस्पॅचमध्ये पायथन ऐनवेळी एक्सेलला विचारतो, या नावाचं काही आहे का तुझ्याकडे, मग एडिटरला आधीच कुठून कळणार!

म्हणून यादी एक्सेलमध्येच वाचायची. ऑल्ट आणि एफ ११ दाबा, व्हीबीए, म्हणजे एक्सेलच्या आतल्या प्रोग्रॅमिंग भाषेचा एडिटर, उघडेल, तिथे एफ २ दाबलं की ऑब्जेक्ट ब्राउझर, म्हणजे ती यादी दाखवणारी खिडकी. सर्चमध्ये 'एक्स्पोर्ट' एवढंच इंग्रजीत टाका, वर्कशीटखाली 'एक्स्पोर्टॲजफिक्स्डफॉरमॅट' सापडेल, त्यावर क्लिक केलं की खाली कंसात काय काय द्यायचं तेही येतं. पहिला टाइप, पीडीएफसाठी ०, दुसरं फाइलचं नाव. मला विचाराल तर पायथनमधून एक्सेल चालवणाऱ्या प्रत्येकाने आधी हा ब्राउझर शिकावा, नेटवरचे तुकडे जोडत बसण्यात संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही.

नावाचा अंदाजच नसेल तर एक्सेलचा मॅक्रो रेकॉर्डर (हाताने केलेल्या कामाचा व्हीबीए कोड लिहून ठेवतो तो) चालू करून तेच काम एकदा हाताने करा आणि रेकॉर्ड झालेला कोड बघा. पायथनमध्ये आणताना व्हीबीएचं कोलन-बरोबर (:=) नुसतं बरोबर (=) होतं, आणि मेथडपुढे कंस हवाच.

डिस्पॅचऐवजी विन३२कॉमच्याच जेनकॅश मॉड्यूलमधलं एन्शुअरडिस्पॅच वापरलं तर ती टाइप लायब्ररी वाचून पायथनची फाइल तयार होते, मग पायथनच्या शेलमध्ये हेल्प चालतं, आणि एक्सएल-अप ('वरच्या दिशेने' सांगणारं) सारखी एक्सेलच्या ठरलेल्या आकड्यांची नावं कॉन्स्टंट्समधून घेता येतात, नाहीतर तिथे उणे ४१६२ लिहावं लागतं.

आणि पीडीएफचा पाथ ड्राइव्हपासून पूर्ण द्या. नुसतं नाव दिलं तर फाइल तुमच्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये येत नाही, एक्सेलच्या चालू फोल्डरमध्ये जाते, बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये सापडेल.